शेवंतीची नवी ठुमक

मी बावड्याची. जन्म हितलाच आन लग्न होऊन गेले ती पण हितंच, दोन गल्ल्या सोडून, सख्ख्या आत्याच्या घरी, त्यामुळं माहेर सुटलं म्हणून रडायचं राहूनच गेलं. नाव रशिदा. आमचं घर नालबंदाचं. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री मारायची, घोड्याला नाल ठोकायचा, अब्बांच्या अब्बांनी केलं, अब्बांनी केलं, आता मी करते. बाई नाल ठोकती म्हणून सुरवातीला लोकं बघायला यायची, मी आपली कामात, मंग कंटाळून जायची. जनावराला काय, पाय धरणारा हात नीट असला म्हणजे झालं.

पण ठोकणं हे शेवटचं काम हाय. आधी बघायचं असतंय. हे मला कळलं तवा मी पस्तिशीची असंन. अब्बांना काचबिंदू झाला, डॉक्टर म्हणले, गेलेली नजर परत येत न्हाय, राहिलेली सांभाळा. एका सकाळी चहा पिता पिता अब्बा म्हणले, रशिदा, खूर मला हातानं दिसतोय, चाल दिसत न्हाय, तू येत जा, मला डोळे पायजेत. वाटीभर साखर मागावी तसं म्हणले. मी म्हणलं, माझं घर हाय, पोरं हायत, सासूला काय सांगू. म्हणले, सासू माझी भैन हाय, तिला मी सांगतो. झालं, दुसऱ्या दिवसापासनं मी जायला लागले.

अब्बांच्या घरामागं मोकळी जागा हाय आन तिच्या पल्याड ऊस. थंडीच्या दिसात उसावरनं धुकं सरकत खाली यायचं, जागेवर येऊन बसायचं. त्या धुक्यातनं घोडं यायचं. आधी कान दिसायचे, मंग मान, मंग पाठ, पाय शेवटी. असं वाटायचं, घोडं चालत न्हाय, तरंगत येतंय. मला कान दिसायच्या आधी अब्बांना टापा ऐकू आलेल्या असायच्या. भिंतीला टेकून उकिडवे बसायचे, डोळे मिटलेले, आन म्हणायचे, पोटुशी घोडी हाय, दमली हाय, धरणारा माणूस घाईत हाय. घोडं जवळ आलं की खरंच तसं असायचं. मी अजून पण कवा कवा झोपेतनं उठायच्या आधी ते धुकं बघते. त्यात घोडं असतंय, पण कुणाचं ते कळत न्हाय.

तर पहिला धडा. घोडं आलं की त्याला मोकळं उभं करायचं आन आपला चहा संपस्तवर हात लावायचा न्हाय. मालक चुळबुळ करायचा, अब्बा म्हणायचे, तू पण चहा घे. मी बघत बसायची. पहिले कितीतरी दिवस मला नुसतं उभं राहिलेलं घोडं दिसलं, दुसरं काय बी न्हाय. मंग हळूहळू दिसाय लागलं. मागचा एक पाय ढिला सोडतंय, मंग थोड्या वेळानं दुसरा, त्यो आराम. पण पुढचा एक पाय जरा पुढं टाकून तसंच उभं राहिलं, तर त्यो आराम न्हाय, दुखणं हाय. चारी पाय सारखे, पण पोट वर ओढलेलं, मंग पाठ बघ. अब्बा म्हणायचे, उभं जनावर कवा गप नसतंय.

दुसरा धडा चुन्याचा. घोड्याच्या कमरेची दोन हाडं वर आलेली असत्यात, त्यांच्यावर पानाच्या डबीतला चुना बोटानं लावायचा, दोन ठिपके. मंग घोडं पुढं चालवायचं आन आपण मागं उभं राहून ठिपके बघायचे. दोन्ही सारखे वर-खाली झाले तर कंबर चांगली. एक ठिपका जास्त उडाला तर त्या अंगाला काय तरी हाय. सोपं हाय, पोरालाबी दिसंल. पण पुढच्या पायाचं तसं न्हाय, तिथं मी पहिल्यांदा फसले.

मेंढरामागं फिरणाऱ्या एका धनगराचं तट्टू आलं होतं. घरचं सामान वाहणारं, गरीब. दुडक्या चालीनं पळवलं तर डोकं खाली-वर, खाली-वर. मी म्हणलं, अब्बा, उजवा पुढचा, त्यो टेकला की डोकं खाली जातंय. अब्बांनी माझ्या शब्दावर उजवा पाय मांडीवर घेतला, खरवडला, चिमट्यानं दाबला, तट्टू निवांत. मंग डावा घेतला आन जरा दाबला तर तट्टानं असा पाय ओढला की अब्बा मागं बसले. धनगर हसाय लागला, म्हणला, चाचा, तुमचे नवे डोळे बदलून आणा. मला लाज वाटली. अब्बा म्हणले, उजव्या पायावर डोकं खाली गेलं ते बरोबर बघितलंस, पण का गेलं? त्या पायावर त्याचा भरवसा हाय म्हणून गेलं. दुखरा पाय टेकताना जनावर डोकं वर उचलतंय, वजन चोरतंय.

मला पटंना. तर म्हणले, चपलेत खडा घाल. घातला. म्हणले, आज दिवसभर काढायचा न्हाय. त्या दिवशी बाजार होता. मी डाव्या चपलेत खडा घेऊन सगळा बाजार फिरले, मेथी घेतली, कांदे घेतले, आन दर पावलाला माझी मान आपसूक वर जात होती. वळखीची बाई म्हणली, काय गं, कुणाला शोधती मान वर करून. मी म्हणलं, घोड्याला. ती बिचारी आपल्या वाटेनं गेली.

पण काय सांगू तुमाला, त्या दिवसापासनं मला काय तरी झालं. सगळा बाजार माझ्यासमोर चालाय लागला. म्हणजे आधी पण चालतच होता की, पण आता मला चालताना दिसाय लागला. भाजीवाल्या आजीचा उजवा गुडघा, मास्तरांची कंबर, एक पोरगी भावावर रुसून चाललेली, टाच आपटत. माणसांच्या कमरेवर मला चुन्याचे ठिपके दिसायचे, पांढरे, वर-खाली, वर-खाली, सगळ्या बाजारभर. आवाज कमी कमी होत जायचा आन नुसती चालणारी माणसं राहायची. मी पिशवी धरून उभीच. आमचे हे म्हणायचे, तुझ्यासंगं बाजारला यायची सोय राहिली न्हाय.

आता शेवंतीचं सांगते. त्याच्यासाठीच ही सगळी बडबड.

कळसचे एक तात्या हायत. शेती हाय, ऊस हाय, पण जीव सगळा घोडीत. शेवंती, पांढरी शुभ्र, डोळ्यांच्या कडा काळ्या, काजळ घातल्यागत. वरातीत नाचणारी घोडी. इंदापूर, बारामती, कुठं पण लग्न असलं की लोकं आधी विचारायची, शेवंती येती का. पायात चाळ, डोक्याला तुरा, आन हलगी वाजली की ती जी पाय उचलायची! तिचे नाल आमच्याकडंच. कळसपास्नं टेम्पोत घालून आणायचे, नालबंद आता राहिलेत किती.

दोन वर्षांमागं लोणी भापकरला लग्नाला गेले होते, आमच्या ह्यांच्या मित्राच्या पोराचं. तिथं शेवंती होती. आन ती नवीनच ठुमक शिकली होती. चार पावलं नाचायची, मंग डावा पाय अल्लद टेकवायची न टेकवायची आन मान अशी झोकात वर फेकायची, तुरा हवेत उडायचा, आन मंग उजव्या पायावर धाप करून खाली. हलगीवाला हुशार, त्यानं तिच्या त्या पावलावर ताल बांधला होता. ती मान फेकायची, त्यो कडाड करून हलगीवर मारायचा, आन माणसं वरडायची. मी पण टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतकी ती सुंदर दिसत होती. तात्या म्हणले, रशिदा, शिकवली न्हाय गं मी, तिची तिनं काढली ठुमक. आन खिशातनं गुळाचा खडा काढून तिला दिला.

त्या लग्नानंतर महिन्याभरानं तात्या घोडी घेऊन आमच्याकडं आले. म्हणले, नवे नाल नकोत, नुसते ढिले खिळे आवळून द्या, परवा बारामतीत मोठी वरात हाय. अब्बा भिंतीला बसलेले. म्हणले, चाळ काढा. तात्या म्हणले, चाचा, चाळ कशाला काढायचे, दोन खिळ्याचं काम. अब्बा म्हणले, काढा. काढले. मी शेवंतीला जागेच्या त्या टोकाला नेलं आन आणलं, परत नेलं आन आणलं. अब्बांनी मान तिरकी केली. म्हणले, परत. मी परत नेली. मंग मला म्हणले, रशिदा, तुला काय दिसतंय?

मला काय दिसलं? मला ठुमक दिसली. चालताना पण ती जरा जरा मान उडवत होती, मला वाटलं, ल्हर हाय तिची, नाचाची सवय लागली. मी म्हणलं, नाचतीय अब्बा, चांगली हाय. अब्बा म्हणले, मला चार टापांतली एक उसनी वाटती, मनापासनं न टेकलेली. पण माझा कान पण आता म्हातारा झाला. तुला दिसलं ते खरं. आन मला हातोडी दिली. मी खिळे आवळले, तात्या घोडी घेऊन गेले. जाताना म्हणले, तुला व्हिडिओ पाठवतो, लोणी भापकरचा, जपून ठेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा हितंच खाटेवर झोपले होते. मी धान्य निवडत होते, फोन वाजला, तात्यांचा व्हिडिओ. अब्बांची झोप मोडंल म्हणून मी आवाज बंद केला आन बघितला.

ते कसं होतं ते सांगायला मला नीट यायचं न्हाय. मांडव होता, माणसं होती, तोंडं उघडी, पण आवाज न्हाय. हलगीवाल्याचा हात खाली यायचा आन काय बी वाजायचं न्हाय. फटाक्याचा धूर वर जायचा, गप. आन त्या सगळ्यात मधी ती पांढरी घोडी, एकटीच, पाण्यात असल्यागत. मला वाटलं मी त्या सकाळच्या धुक्यात बसले हाय आन ती तिकडनं येतीय. ती चार पावलं आली, डावा पाय टेकला आन मान वर गेली. परत चार पावलं, डावा टेकला, मान वर. उजव्यावर धाप. डावा, मान वर. माझा हात सुपातच राहिला.

ती नाचत नव्हती. ती लंगडत होती. दोन-तीनशे माणसांत, दिव्यांच्या झगमगाटात, ती घोडी लंगडत होती आन आमी टाळ्या वाजवत होतो. हलगीवाल्यानं तिच्या दुखण्याला ताल दिला होता. आन मी, जिला अख्ख्या बाजाराचे गुडघे दिसायचे, मला दिसलं न्हाय, कारण माझ्या कानांत हलगी होती. आदल्या दिवशी हलगी नव्हती, तरी होतीच. अब्बांच्या कानाला कळलं होतं आन त्यांनी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून सोडून दिलं.

वरात दुसऱ्या दिवशी होती, बारामतीला, सगळं सिमेंट. दुखरा पाय घेऊन तीन-चार तास सिमेंटवर नाचली तर त्या पायाचं काय व्हायचं ते मला माहीत होतं. मी अब्बांना उठवलं, म्हणलं, अब्बा, डावा पुढचा. ते खाटेवर उठून बसले, डोळे पुसले आन म्हणले, मंग हितं काय करतीस.

हत्यारं पिशवीत घातली, एसटीनं इंदापूर, तिथनं वडापच्या जीपमधी दाटीवाटीनं, उन्हं कलायच्या आत कळसला पोचले. तात्या शेवंतीच्या आयाळीला मेंदी लावत होते. मी म्हणलं, तात्या, घोडी उद्या न्यायची न्हाय, तिचा पाय दुखतोय. तात्यांनी वर बघितलं. म्हणले, काल तर चांगली होती की, तूच म्हणलीस. मी म्हणलं, काल मी चुकले. तर म्हणले, वा गं वा, नालबंदीणबाई, काल चांगली, आज लंगडी, उद्या म्हणशील घोडीच न्हाय, म्हैस हाय. बाजूला बसलेली दोन-चार माणसं हसली. एकजण म्हणला, तात्या, दुसरा कोण तरी घोडीवाला बारामतीला शब्द देऊन बसला असंल, त्यानंच धाडली हिला. मला राग आला, पण रागानं घोडीचा पाय बरा होत न्हाय. मी फोन काढला, आवाज बंद केला आन तात्यांच्या हातात दिला. म्हणलं, नुसतं बघा. आवाज वाढवायचा न्हाय. मंग मला हाकलून द्या.

तात्यांनी बघितलं. हसणारी माणसं पण मागं येऊन उभी राहिली. पहिल्यांदा तात्या म्हणले, हीच तर ठुमक. दुसऱ्यांदा फोन डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्यांदा परत पहिल्यापासनं बघितलं. मंग फोन मला परत दिला, शेवंतीकडं बघितलं आन लई बारीक आवाजात म्हणले, मी तिला दर खेपेला गूळ दिला गं. दुखलं की गूळ. तिला काय वाटलं असंल?

मी म्हणलं, पाय धरा.

नाल काढला. टाचेखाली, नाल टेकतो तिथं, जांभळा-लाल डाग, रुपयाएवढा. नाल आत सरकून महिनोन् महिने तिथं चेपत होता, आन आदल्या दिवशी खिळे आवळून मी त्यो अजून दाबून बसवला होता. मी बोट ठेवलं तर शेवंतीनं पाय ओढला न्हाय, नुसती मान वर केली. तीच ठुमक. कुणी टाळी वाजवली न्हाय. तात्यांनी तिथंच फोन लावला, बारामतीच्या माणसाला म्हणले, घोडी येणार न्हाय, नवऱ्याला जीपमधी बसवा, शिव्या घालायच्या तर मला घाला. पलीकडनं घातल्या पण, आमाला ऐकू येत होत्या. सकाळी जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी औषध दिलं आन सांगितलं, वेळेत धरलंय, पण मऊ जागेवर अनवाणी ठेवा, घाई करू नका.

घाई केली न्हाय. सगळा उन्हाळा ती कळसला मातीत अनवाणी होती. मी पंधरा दिवसाला जायची, घोडी पांढरी आन दुखणं पुढच्या पायाचं, चुन्याचा ठिपका तिला काय कामाचा न्हाय, म्हणून ओल्या वाफ्यातनं चालवायची आन उमटलेल्या पावलांत बघायची, डावं किती रुतलं, उजवं किती. हळूहळू दोन्ही सारखी रुताय लागली. ज्या सकाळी सारखी दिसली त्या सकाळी तात्या त्या वाफ्यात पाणी सोडायचं थांबले, दोन दिवस ती पावलं तशीच राहू दिली. पुढं ती परत वरातीत गेली. लोकं विचारायची, तात्या, ती ठुमक कुठं गेली? तात्या म्हणायचे, सोडली तिनं. हलगीवाला जरा नाराज झाला.

आता अब्बांना काय दिसत न्हाय, उजेड-अंधार तेवढा कळतोय. तरी सकाळी भिंतीला बसत्यात. घोडं आलं की मी कानांत कापूस घालते आन बघते, ते बघू शकत न्हायत म्हणून ऐकत्यात. मंग कापूस काढायचा आन दोघांनी एकदमच बोलायचं, मी पाय सांगते, ते पाय सांगत्यात. एकच निघाला तर हातोडी घ्यायची. न्हाय निघाला तर घोडं परत चालवायचं, मालकाला कितीबी घाई असू दे. येणारी माणसं हसत्यात, म्हणत्यात, दोघांचं मिळून एक माणूस हाय. आमाला काय त्याचं वाईट वाटत न्हाय.

परवा सकाळी धुकं होतं. मी चहा घेऊन अंगणातनं चालले होते, अब्बा भिंतीपाशी, डोळे मिटलेले. घोडं अजून आलं नव्हतं. अब्बा म्हणले, रशिदा, डावा गुडघा? मी कुणाला सांगितलं नव्हतं, घरात पण न्हाय, चार महिने झाले दुखतोय. मी म्हणलं, न्हाय ओ, काय न्हाय. तर म्हणले, परत चाल. मी चहाचा कप घेऊन त्या टोकाला गेले आन आले. अब्बांनी मान तिरकी करून ऐकलं, हात पुढं करून कप घेतला आन बाजूची जागा थोपटली. म्हणले, बस जरा. घोडं आलं तरी आपण चहा संपस्तवर त्येला हात लावत न्हाय. मी बसले.